थंडरबर्ड: आर्काइव्ह केलेले मेल नक्की कुठे साठवावेत?

वागळेचा_गाळा
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचं पत्र्याचे पॅनल बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. ऑफिस म्हणजे पोटमाळ्यावरचं एक टेबल आणि विंडोजचा पीसी. मेल थंडरबर्डमध्ये (मेल वाचायचं मोफत सॉफ्टवेअर), आयमॅपवर (म्हणजे मेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवरच असतात). होस्टिंगवाल्याने दिलेली जागा भरत आलीय आणि रोज 'कोटा संपत आला' म्हणून मेल येतो (तोही जागा खातोच). गिऱ्हाइकं ड्रॉइंग पाठवतात, मग रिप्लायवर रिप्लाय, आणि प्रत्येक वेळी तीच जड पीडीएफ पुन्हा जोडलेली.

जुने मेल निवडून मी 'आर्काइव्ह' दाबतोय. डावीकडे आर्काइव्हज नावाचं फोल्डर आपोआप तयार झालं, त्याच्या पोटात २०२१, २०२२ वगैरे. इनबॉक्स हलका झाला, पण कोटा जागचा हलत नाही. हे मेल जातात तरी कुठे? आणि ते पीसीच्या डी ड्राइव्हवर कसे आणायचे? मुख्य आयडी सेल्सचा आहे, अकाउंट्सचा आयडी त्याच खात्यात दुसरी आयडेंटिटी (एकाच खात्यातला वेगळा पत्ता) म्हणून जोडलाय. आणि सीए मॅडमना सगळं एप्रिल ते मार्च असं लागतं.

आउटलुक घ्या असं कृपया सांगू नका, यंदा तो खर्च झेपणारा नाही.

ऐरोलीकर
कोटा हलत नाही कारण मेल सर्व्हरवरून हललेच नाहीत. आयमॅप खात्यात आर्काइव्ह म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे त्याच खात्यातलं दुसरं फोल्डर. हॉलमधलं सामान बेडरूममध्ये नेलंत, घर तेवढंच.

अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याखाली 'कॉपीज अँड फोल्डर्स' उघडा. खाली 'मेसेज आर्काइव्हज' असा भाग दिसेल. 'कीप मेसेज आर्काइव्हज इन' वर टिक असू द्या. त्याखाली दोन पर्याय आहेत: एक 'आर्काइव्हज फोल्डर ऑन' आणि पुढे खात्यांची यादी, दुसरा 'अदर', म्हणजे तुम्हाला हवं ते फोल्डर. पहिलाच ठेवा, फक्त यादीत खात्याऐवजी 'लोकल फोल्डर्स' निवडा. यापुढचं आर्काइव्ह पीसीवर उतरेल. आधी जे गेलंय ते मात्र आपोआप येणार नाही, हाताने आणायला लागेल.

ते आणताना सगळं एकदम ओढू नका. एक वर्ष घ्या आणि 'मूव्ह टू' नाही, 'कॉपी टू' करा. दोन्हीकडचे आकडे जुळवा, चार-दोन जड ड्रॉइंग उघडून बघा, मगच सर्व्हरवरचे उडवा. मध्येच नेट तुटलं किंवा लाइट गेली तर कुठपर्यंत आलं ते शोधत बसावं लागत नाही. आणि उडवल्यावरही कोटा तसाच दिसला तर ट्रॅश रिकामा करा आणि फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' द्या. आयमॅपवर डिलीट म्हणजे आधी नुसती खूण, जागा सुटते ती त्यानंतर.

जुईनगर_लोकल
मी उलट सांगेन. पीसीवर आणलेला मेल मोबाइलवर दिसणार नाही, वेबमेलवरही नाही. गिऱ्हाइकाच्या साइटवर उभे असाल आणि तो म्हणाला 'मागच्या वर्षीचं ड्रॉइंग काढा', तर काय पोटमाळ्यावर फोन करणार? थोडे पैसे टाकून जागा वाढवून घ्या, आर्काइव्ह सर्व्हरवरच राहू द्या. शिवाय पीसीची डिस्क गेली तर सगळंच गेलं.

ऐरोलीकर
जुईनगर, मुद्दा रास्त आहे, पण जागा वाढवली तरी दोन वर्षांनी हाच धागा परत काढायचा. माझं मत: चालू आणि मागचं वर्ष सर्व्हरवर, त्याआधीचं पीसीवर, आणि पीसीवरच्याची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर. प्रत काढणार नसाल तर सर्व्हरवरून काही हलवूच नका, हे मात्र जुईनगर यांच्या बाजूने बोलतोय.

कोपरीचे_काका
आउटलुकवाल्यांचंही ऐका, इथे तेही वाचत असतील. क्लासिक आउटलुकमध्ये (विंडोजवरचं जुनं आउटलुक) दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे आणि त्यात भलेभले फसतात. वरचं 'आर्काइव्ह' बटण (किंवा बॅकस्पेस) मेल त्याच मेलबॉक्समधल्या आर्काइव्ह फोल्डरात टाकतं. जागा अजिबात वाचत नाही. 'ऑटोआर्काइव्ह' हा निराळा प्रकार, तो मेल पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची मेल साठवायची वेगळी फाइल) हलवतो. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, ऑटोआर्काइव्ह सेटिंग्ज इथे 'मूव्ह ओल्ड आयटम्स टू' समोर ब्राउझ देऊन जागा बदलता येते. मूळ जागा डॉक्युमेंट्समधलं 'आउटलुक फाइल्स' फोल्डर. त्याच खिडकीत जुने मेल कायमचे डिलीट करायचाही पर्याय आहे, बोट तिकडे जाऊ देऊ नका.

आणखी एक. ऑटोआर्काइव्ह मेल आल्याची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख यांतली नंतरची धरतं. पाच वर्षं जुन्या मेलला काल कॅटेगरी लावलीत तर तो त्याच्या लेखी कालचा. 'जुने मेल जातच नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

पीएसटी नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात ठेवू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच नको म्हणते.

नौपाडा_हिशोब
गाळेवाले दादा, तुमच्या सीए मॅडमच्या बाजूने लिहिते, मीही त्याच धंद्यात आहे.

थंडरबर्डची वर्षं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे '२०२४' या फोल्डरात २०२३-२४ ची शेवटची तिमाही आणि २०२४-२५ चे नऊ महिने एकत्र. मार्चअखेरीचं काही काढायचं म्हटलं की दोन फोल्डरं चाळा. त्याच पानावर 'आर्काइव्ह ऑप्शन्स' बटण आहे. त्यात एकच फोल्डर, वर्षवार, महिनावार असे तीन पर्याय. महिनावार घ्या. मग '२०२४' च्या पोटात '२०२४-०१', '२०२४-०२' अशी फोल्डरं बनतात. मेल कुठल्या महिन्यात पडेल हे मेलच्या तारखेवरून ठरतं, तुम्ही आर्काइव्ह कधी केलंत त्यावरून नाही. त्यामुळे जुने मेल आज आर्काइव्ह केले तरी बिघडत नाही.

आता एप्रिल ते मार्च. आल्ट दाबलं की वर मेनू येतो. फाइल, न्यू, 'सेव्हड सर्च'. त्यात बारा महिन्यांची फोल्डरं निवडा आणि अटी द्या: तारीख ३१ मार्च २०२३ नंतरची, १ एप्रिल २०२४ आधीची, दोन्ही अटी लागू. नाव '२०२३-२४'. हे फोल्डर दिसायला फोल्डर, पण मेल मूळ जागीच असतात. सेव्हड सर्च उडवलात तर मेल राहतात. मात्र त्याच्या आतला एखादा मेल डिलीट केलात तर मूळचाच जातो, हे ऑफिसातल्या मुलालाही सांगून ठेवा.

आणि सेंटमधले मेल विसरू नका! तुम्ही पाठवलेली बिलं तिथेच आहेत. 'कीप एक्झिस्टिंग फोल्डर स्ट्रक्चर' ला टिक केलीत तर सेंटचं वेगळं फोल्डर राहतं, नाही केलीत तर आलेले-गेलेले एकाच महिन्यात मिसळतात. मला मिसळलेले बरे वाटतात, प्रश्नाशेजारी उत्तर सापडतं.

किती वर्षं ठेवायचं हेही सांगते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. २०२३-२४ ची देय तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे डिसेंबर २०३० पर्यंत हात लावायचा नाही. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त.

वागळेचा_गाळा
ताई, ऐरोलीकर, काका, सगळ्यांचे आभार. लोकल फोल्डर्स केलं, महिनावार केलं. सेल्सचे मेल बरोबर पीसीवर येतायत. पण अकाउंट्स आयडीवर आलेले मेल आर्काइव्ह केले की अजूनही सर्व्हरवरच जातात! एकच खातं, एकच इनबॉक्स, मग असं का?

ऐरोलीकर
कारण ही सेटिंग खात्याची नाही, आयडेंटिटीची असते. मेल कोणत्या पत्त्यावर आलाय ते बघून थंडरबर्ड आयडेंटिटी ठरवतं आणि तिची आर्काइव्हची जागा वापरतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'मॅनेज आयडेंटिटीज', अकाउंट्सचा आयडी, 'एडिट', तिथे 'कॉपीज अँड फोल्डर्स' चा टॅब आहे. तिथेही तेच सगळं भरा. मला विचाराल तर अकाउंट्ससाठी 'अदर' वापरा आणि लोकल फोल्डर्सखाली 'बिलं' असं वेगळं फोल्डर द्या. ताईंची सेव्हड सर्च अजून सुटसुटीत होईल.

डी ड्राइव्हचं राहिलंच. लोकल फोल्डर्स मुळात प्रोफाइलमध्ये (थंडरबर्ड आपली सगळी माहिती ठेवतं ते फोल्डर) असतं, म्हणजे सी ड्राइव्हवर. अकाउंट सेटिंग्जच्या यादीत 'लोकल फोल्डर्स' वर क्लिक केलंत की 'लोकल डिरेक्टरी' आणि ब्राउझ दिसेल. आधी थंडरबर्ड बंद करून जुन्या फोल्डरातलं सगळं डीवर कॉपी करा, मग उघडून नवा पत्ता द्या आणि पुन्हा सुरू करा. जुनं लगेच उडवू नका. पत्ता पेनड्राइव्हचा किंवा बाहेरच्या डिस्कचा देऊ नका, ती न लावता थंडरबर्ड उघडलं की घोळ.

जुईनगर_लोकल
आणि क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरचाही नको. थंडरबर्ड लिहितंय आणि सिंकवालं त्याच वेळी तीच फाइल उचलतंय, असं नको व्हायला. (हो, आलो मी तुमच्या बाजूला. अर्धा.)

वागळेचा_गाळा
आयडेंटिटीचं जमलं, धन्स! कोटा एकदम खाली आला. शेवटची शंका. बॅकअप घ्यायला फोल्डर उघडलं तर प्रत्येक महिन्याच्या दोन फाइल आहेत: एक एमएसएफ एक्स्टेंशनची, एक बिनएक्स्टेंशनची. कुठली घ्यायची? आणि २०२२ चं जुनं वर्षवार फोल्डर पेनड्राइव्हवर जातच नाही, फाइल मोठी आहे म्हणतो, पण पेनड्राइव्ह तर रिकामा आहे.

ऐरोलीकर
बिनएक्स्टेंशनची फाइल म्हणजे मेल, अटॅचमेंटसकट. एमएसएफ ही नुसती सूची, ती हरवली तरी थंडरबर्ड नव्याने बनवतं. सोबत एसबीडी शेवट असलेली फोल्डरं दिसतील, त्यांत पोटफोल्डरं असतात. निवडत बसू नका, थंडरबर्ड बंद करून पूर्ण फोल्डर उचला.

पेनड्राइव्ह फॅट३२ (फॉरमॅटचा जुना प्रकार) असणार. त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. एक फोल्डर म्हणजे एक फाइल, आणि वर्षभराची ड्रॉइंग एकात, म्हणून अडतंय. पेनड्राइव्ह रिकामा आहेच तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. २०२२ मधले मेल सगळे निवडून पुन्हा आर्काइव्ह करता आले तर बघा, नाहीतर महिन्यांची फोल्डरं हाताने करून वाटा. महिनावारचा हाही फायदा: जुन्या महिन्यांच्या फाइली सहसा बदलत नाहीत, दर शनिवारी फक्त नवीन तेवढ्याच कॉपी होतात.

कोपरीचे_काका
अवांतर: थंडरबर्डमध्ये नुसतं इंग्रजी 'ए' दाबलं की निवडलेला मेल आर्काइव्ह होतो. माझ्या मुलाच्या दुकानात यादीवर क्लिक केलेलं असताना कुणी टाइप करायला लागलं की मेल 'गायब' होतात. लगेच कंट्रोल झेड दाबायचं. ज्या पीसीवर नवखी पोरं बसतात तिथे ती 'कीप मेसेज आर्काइव्हज इन' ची टिकच काढून टाका, आर्काइव्ह बंद होतं.

नौपाडा_हिशोब
काका +१. दादा, टिक काढलीत तर दोन्ही आयडेंटिटींची काढा.