वारली घराच्या बांधणीवरून संग्रहालय : नेमके काय घ्यावे?

प्रश्न (वास्तुकलेची विद्यार्थिनी) :
शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी जव्हार परिसरात वारली आणि कोकणा समाजांच्या जीवनावरील लहान संग्रहालयाचा आराखडा करत आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड (भिंत), शेणामातीचे सारवण आणि उतरते छप्पर मला ठेवायचे आहे. परंतु कागदावर उतरताच ते महामार्गावरच्या रिसॉर्टसारखे दिसू लागते. काँक्रीटच्या भिंतीवर वारली चित्रे काढून त्याला आदिवासी शैली म्हणणे मला मान्य नाही. मग त्या घरातून घ्यावे तरी काय?

प्रतिसाद १ :
पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर नुमेआ येथे इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले चिबाऊ सांस्कृतिक केंद्र अवश्य अभ्यासा. मूळनिवासी कनाक लोकांच्या झोपडीवरून घडवलेल्या तिथल्या दहा लाकडी वास्तूंपैकी सर्वांत उंच २८ मीटरची आहे. त्यांच्या दुहेरी भिंतींमधून समुद्रावरचा वारा खेळतो आणि झडपांच्या उघडझापीने तो आवरताही येतो. आकार झोपडीचा आहेच, पण तो कामाला लावला आहे, म्हणून ती नक्कल वाटत नाही.

प्रतिसाद २ :
माझे बालपण कुडाच्या घरात गेले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पावसाच्या झडीने भिंतीचा खालचा हातभर भाग दरवर्षी धुऊन जात असे आणि आतल्या कारवीच्या काठ्या उघड्या पडत. पाऊस सरला की आई तो भाग पुन्हा लिंपत असे. तिच्या बोटांचे अर्धगोल वर्षभर भिंतीवर दिसत. ती भिंत दरवर्षी नवी होते म्हणूनच टिकते, हे आराखड्यात यायला हवे. सारवणाचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात धरा आणि ते काम गावातल्या बायकांनाच योग्य मजुरी देऊन द्या. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयातील आदिवासी घरे त्या त्या समाजातील कारागिरांनीच बांधली आहेत, तीही पाहून या. आणखी एक कळकळीची विनंती : लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे विवाहविधीचे चित्र, सुवासिनी लग्नाच्या वेळी लिहितात, तो सजावट म्हणून कायमचा रंगवण्याआधी त्यांना विचारा.

प्रतिसाद ३ :
कूड थेट जमिनीवर टेकवू नका, वाळवी लागेल. दगडी जोते घ्या आणि वळचण चांगली पुढे काढा. कणगी, टोपल्या, शेतीची अवजारे कुडाच्या दालनात राहू शकतील; जुने कागद आणि कापड मात्र कोरड्या, बंद खोलीतच हवे.

प्रश्नकर्ती :
आपणा सर्वांची आभारी आहे. वळचणीखाली रुंद ओटा घेऊन सारवणाचे काम तिथे सर्वांसमोर व्हावे, असा बदल आता करत आहे. बंद खोलीची भिंत कुडाला लागून असली तर ओल आत येईल का, की मध्ये पडवी सोडावी?