जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटी कशा साफ कराव्यात, कुठे ठेवाव्यात? सल्ला हवा

बोरीकाठ:
राम राम मंडळी. पारोळ्याजवळच्या आमच्या गावच्या घराचं धाबं उतरवून यंदा स्लॅब टाकतोय. सामान हलवताना पेटीतून थोरल्या भावाचा टीव्ही गेम निघाला. नव्वदच्या दशकातला, वरून कॅसेट खोचायचा, दोन रिमोट आणि एक बंदूक असलेला. सोबत डझनभर कॅसेटी, त्यातली एक '६४ इन १'. सगळ्यावर धाब्याची खारी माती बसलीये, कॅसेटींच्या पिना काळ्या पडल्यात आणि मशीनचं पांढरं प्लास्टिक पिवळं झालंय. भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला मुलांना घेऊन येईल. तोवर गेम चालू व्हावा आणि पुढेही टिकावा अशी फार इच्छा आहे. त्या काळी गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओट्यावर जमायची ती याच्यासाठीच.
अजून लावून पाहिलेला नाही, कारण अडॅप्टर हरवलाय. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा आहे, पिन बसते. चालेल का? आणि पिना खोडरबरानं घासायच्या की फुंकर मारून भागेल?

पांझरा:
दादा, तो १२ व्होल्टचा अडॅप्टर आधी बाजूला ठेवा. पिन बसते म्हणून लावणं हेच या मशीनच्या जिवावर उठतं. तुमचं वर्णन निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकलेचं आहे. आपल्याकडे त्या काळी घरोघरी अशाच नकला होत्या. मूळ जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर लागतात आणि अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते. नकला बहुतेक ९ व्होल्टवर चालतात, पण मधली पिन कुणाची निगेटिव्ह, कुणाची पॉझिटिव्ह. सॉकेटजवळची खूण पुसली असेल तर मशीन उघडा. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर दिसेल, तो ५ व्होल्ट करून देतो. त्याची धातूची पाठ म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटरची एक सुई तिथे आणि दुसरी सॉकेटच्या मधल्या पिनेला लावा. बीप आली तर मधली पिन निगेटिव्ह. उलट जोडणी झाली तर आतलं जळू शकतं. आणि जोडणी बरोबर असली तरी १२ मधले ७ व्होल्ट नुसती उष्णता होऊन जातात, ९ मधले ४च. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या रेग्युलेटरला एवढा ताप कशाला द्यायचा?
उघडलंच आहे तर कपॅसिटरांची, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या उभ्या डब्यांची, डोकी बघा. फुगली असतील किंवा खाली ओल दिसली तर वीज देण्याआधी बदलून घ्या.

अहिराणी_लेक:
फूक मारनं बंद करा भो, बठ्ठा घोळ तठेच शे! तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि काळं वाढतं. निन्टेंडोनंसुद्धा फुंकू नका असंच सांगून ठेवलंय. फुंकल्यावर गेम लागायचा तो कॅसेट काढून पुन्हा खोचल्यामुळे, पिना नव्यानं टेकायच्या म्हणून.

वाघूर:
ताई बरोबर बोलल्या. आता पिनांचं सांगतो, कारण नव्वद टक्के 'मेलेल्या' कॅसेटी तिथेच अडकलेल्या असतात.
तुमच्याकडे खारी माती आहे, म्हणून पहिलं काम कोरडं. मऊ ब्रशनं माती झाडा, अंगणात. खारात मीठ असतं, मीठ ओल ओढतं आणि धातू खातं. त्यावर ओला बोळा फिरवला तर चिखल होऊन आत जाईल. मग कॅसेट उघडा. काहींना साधा प्लस स्क्रू असतो, काही नुसत्या खटक्यांवर असतात; तिथे जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू सोडवा, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. (गेमबॉयच्या किंवा सुपर निन्टेंडोच्या मूळ कॅसेटी असत्या तर ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागला असता, तुम्हाला लागणार नाही.) आत चिपच्या जागी काळा गोळा दिसला तर घाबरू नका. नकली कॅसेटीत चिप तशीच डांबरासारख्या थरानं झाकलेली असते. त्याला खरवडू नका.
पिनांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. जळगावात गोलाणी मार्केटला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून पिनेच्या लांबीच्या दिशेनं फिरवा, आडवी नाही. काळी झाली की दुसरी घ्या. दोन्ही बाजू, काडी स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्या, मगच लावा.
खोडरबर अगदी शेवटी, तोही पेन्सिलीचा मऊ पांढरा, हलक्या हातानं. शाईचा खोडरबर खरखरीत असतो. पिनेवर मुलामा किती पातळ असतो हे लक्षात घ्या. तो निघाला की खालचं तांबं उघडं पडतं आणि कॅसेट पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा काळी. पॉलिश पेपर, पितांबरी यांचं नावही नको.

सातपुडा_रावेर:
आमच्याकडे मोटारीच्या जोडण्यांना डब्ल्यूडी-४० मारतो, लगेच काम होतं. इथे का नको?

वाघूर:
भाऊ, त्यात तेल असतं आणि ते मागे राहतं. मोटारीला ठीक आहे, पण मशीनच्या खाचेत ६० बारीक पिना असतात, तेलावर धूळ बसली की त्या खाचेतून निघत नाही. मारायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, जो उडून जातो.
खाचेचा उपाय साधा आहे. कॅसेटच्या पट्टीएवढ्या जाडीचा पुठ्ठा घ्या, त्याला जुन्या धोतराचं पातळ सुती कापड एकदाच गुंडाळा, अल्कोहोलनं ओलं करा, ठिबकेल इतकं नाही, आणि चार-सहा वेळा सरळ आत-बाहेर करा. जाड झालं तर पिना फाकतात आणि मग कितीही साफ केलं तरी कॅसेट नीट धरत नाही.

बोरीकाठ:
फारच उपयोगी. पिवळेपणाचं काय? एकानं सांगितलं की हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं. ऊन तर आपल्याकडे भरपूर.

पांझरा:
होतं, पण मी करू देणार नाही. मशीनचं कवच ज्याचं असतं त्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग पकडू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालायचे. पिवळेपणाचा बराचसा दोष त्यांच्याकडे जातो, बाकीचं काम ऊन, उष्णता आणि हवा करते. पेरॉक्साइड आणि अतिनील किरणांनी रंग उतरतो, पण लेप असमान बसला तर ढगासारखे पट्टे उठतात आणि काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो. शिवाय भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, अशा उन्हात ठेवलेलं झाकण वाकलं तर पुन्हा नीट बसणार नाही. बोर्ड वेगळा काढा, रिकामं कवच भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. पिवळं राहिलं तर राहू द्या. तुमच्या भावाला तो गेम तसाही ओळखू येईल.

अहिराणी_लेक:
ठेवण्याबद्दल मी लिहिते, आमच्या घरी रेडिओपासून सगळं जपून ठेवलेलं आहे. पत्र्याखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे हात लावता येत नाही. जमिनीलगत नको, ओल आणि वाळवी. बाहेरच्या भिंतीला लागून नको. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला खण. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून झाकणाचा डबा हवाच, पण प्लास्टिकच्या बंद डब्यात ओल कोंडते, सिलिका जेल घालावंच लागतं. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. ओल शोषून रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र स्वयंपाकाच्या कढईत नको.
कॅसेटी उभ्या ठेवा, पिना खाली, प्रत्येकीला कागदाची किंवा सुती पिशवी. रबरबँड लावू नका, उष्णतेनं वितळून चिकटतो. रिमोटची वायर मशीनभोवती गुंडाळून ठेवतात सगळे, तीही सवय सोडा. वायरीच्या प्लास्टिकमधलं मऊपणाचं द्रव्य कवचावर उतरतं आणि कायमचे वळ पडतात. वायर सैल वेटोळी करून वेगळ्या पिशवीत. आणि डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं.

सातपुडा_रावेर:
माझ्याकडे सेलवरचा ब्रिक गेम आहे, सेलच्या जागी हिरवं-पांढरं झालंय. त्याचं काय करू?

वाघूर:
सेल कोणता होता ते बघा. अल्कलाइन फुटला तर क्षार, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब. आपला साधा स्वस्त सेल जस्त-कार्बनचा, तो आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. मग अल्कोहोलनं पुसा. यापुढे खेळून झालं की सेल काढूनच ठेवा.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं, बंदूक. ती नव्या एलईडी टीव्हीवर चालेल ना? मुलांना त्याचंच वेड लागेल.

पांझरा:
नाही चालणार, आणि त्यात बंदुकीचा काही दोष नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि निशाण्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला ठरलेल्या क्षणी दिसावा लागतो. नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, शिवाय हा सेन्सर पिक्चर ट्यूबच्या लुकलुकीसाठीच बेतलेला आहे. बाकीचे गेम मात्र नव्या टीव्हीला एव्ही सॉकेट असेल तर पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनांनी छान चालतील. बंदुकीसाठी जुना ट्यूबचा टीव्ही शोधा. धुळ्याला येणं होणार असेल तर माझ्याकडे १४ इंची चालू आहे, घेऊन जा, पैसे नकोत. त्याचं मागचं झाकण तेवढं उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये मोठा व्होल्टेज साठून राहतो.