भित्तिका की पटल? जीवाणूच्या पेशीतले शब्द

प्रश्न : आम्ही इंदूरचे. नात नववीत, शाळा हिंदी माध्यमाची. तिच्या पुस्तकात जीवाणूच्या कोशिकेला ‘भित्ति’ आणि ‘झिल्ली’ दोन्ही आहेत. घरी मराठीत सांगताना मी दोन्हींना ‘आवरण’च म्हणते. चालेल का? शिवाय ‘पेशी’ म्हटलं की ती हसते. इथे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख.

– काकू, ‘पेशी’ खुशाल वापरा, दोन दिवसांत सवय होईल. ‘आवरण’ मात्र नको. भित्ति ती पेशीभित्तिका, झिल्ली ते पेशीपटल, आणि दोघांची कामं पार वेगळी. भित्तिका पेप्टिडोग्लायकनची (साखरेच्या साखळ्या आणि अमिनो आम्लांची जाळी), कडक. पेशीतला द्रव दाट असतो, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं. भित्तिकेने तो दाब पेलला नाही तर पेशी फुटते. पेनिसिलिन नेमकं इथेच घाव घालतं, नवी भित्तिका नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून हा घाव तिला लागत नाही.

पटल मेद आणि प्रथिनांचं, अतिशय पातळ. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं ते पटल ठरवतं. जीवाणूला तंतुकणिका (आपल्या पेशीतली ऊर्जाघरं) नसतात, त्यामुळे श्वसनातून ऊर्जा मिळवण्याचं कामही याच पटलावर चालतं. एवढं करणाऱ्याला नुसतं आवरण म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

– सहमत. मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूला भित्तिका नसते, पटल असतं. म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. ग्रॅम-ऋण जीवाणूंना तर भित्तिकेबाहेर आणखी एक बाह्यपटल. हान्स क्रिश्चियन ग्रॅम यांच्या 1884च्या रंगपद्धतीत जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळे राहतात, पातळ भित्तिकेच्यांचा तो रंग धुतला जातो, तेच ग्रॅम-ऋण. ‘आवरण’ म्हणालात तर तिघांतलं कुठलं समजायचं?

– पटलं. आता दोन्ही शब्द वेगळे ठेवीन. आणि ‘कशाभिका’, जीवाणूची ती पोहायची शेपटी?

– ‘कशा’ म्हणजे चाबूक. शब्द रुळलाय, राहू द्या. पण जीवाणूची कशाभिका फटकारे मारत नाही, गरगर फिरते. तिच्या मुळाशी पटलात रोवलेली सूक्ष्म मोटर असते. बहुतेक जीवाणूंत हायड्रोजनचे आयन (विद्युतभारित कण) आत येता येता ती फिरवतात. म्हणजे इथेही पटलच कामाला!

– एक राहिलं. आकृतीत मधल्या डीएनएला ‘केंद्रक’ लिहू देऊ नका. त्याच्याभोवती पटल नसतं. ‘केंद्रकाभ’ म्हणा.