गरुड चोच फोडून घेतो म्हणे! प्रवचनात असं सांगायचं का?

रानपाखरू: रविवारी परत तीच गोष्ट ऐकली. गरुड 40 वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच फोडतो, नखं-पिसं उपटतो, 150 दिवस थांबतो आणि मग नवा होऊन अजून 30 वर्षं जगतो. अहो चोच नसलेला पक्षी पाच महिने खाणार काय? चोच नि नखं आयुष्यभर वाढत नि झिजत असतात, पिसं थोडी थोडी गळून नवी येतात, एवढंच. बायबलमधलं यशया 40:31, देवाची वाट पाहणारे गरुडासारखे पंखांनी वर उडतील, हे वचन सुंदर आहेच, त्याला ही ठिगळं कशाला?

कृपाछाया: दृष्टांत आहे हो तो, जीवशास्त्राचा पेपर नाही. माझे वडील गेले तेव्हा याच गोष्टीने मला उभं केलं, ती खोटी म्हणून माझा धीर पण खोटा का?

रानपाखरू: धीर खरा, ताई. पण मुलगा मोबाईलवर शोधतो, गोष्ट खोटी निघते, मग त्याला वचनपण तसंच वाटायला लागतं, त्याचं काय?

जुनाकरार: मुळात तो गरुडच का, हाही प्रश्न आहे. हिब्रू शब्द 'नेशेर', तो गिधाडालाही लागतो, मीखा 1:16 मध्ये तर नेशेरासारखं टक्कल म्हटलंय 😄 आणि बायबलमधली पाखरं बघा किती नीट पाहिलेली आहेत, यिर्मया 8:7 मध्ये करकोच्याला स्थलांतराची वेळ कळते, लोकांना देवाचा न्याय कळत नाही. हे आजही आकाशात दिसतं.

कृपाछाया: मग ईयोब 39 मधलं शहामृग? अंडी जमिनीवर टाकून विसरतं म्हणे. प्रत्यक्षात नर-मादी आळीपाळीने उबवतात.

जुनाकरार: हं, हे मात्र बरोबर पकडलंत. काव्य आहे म्हणून सुटका करून घेतो 🙏

तर्कटराव: येशू म्हणतो, पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी देव खायला देतो, हे कसं? कावळे अन्न लपवून ठेवतात, आणि बऱ्याच छोट्या पाखरांची पिल्लं पहिल्या वर्षातच मरतात.

रानपाखरू: मत्तय 10:29 वाचा की, चिमणी पडणारच नाही असं येशू म्हणत नाही, पडते ती पित्याला कळल्याशिवाय नाही, असं म्हणतो. आणि लूक 12:24 मध्ये कावळाच घेतलाय, लेवीय 11 प्रमाणे अशुद्ध पक्षी! घरट्यात बसून राहा असंही कुठे नाही, दिवसभर वणवण करतातच ती.

तर्कटराव: कळून उपयोग काय, पडलीच ना?

कृपाछाया: वडिलांच्या वेळी मीही हेच विचारलं होतं.