मुंबईत पहाटेचं गणित वेगळं

'पहाटे साडेपाचला पळा, उन्हाळा जाणवणारच नाही' असा सल्ला उन्हाळ्यात पळणाऱ्यांना कुणी दिला, तर तो नागपूरला चालेल, मुंबईत नाही. मे महिन्यात इथे पहाटेही पारा २७-२८च्या आसपास असतो आणि हवेतला दमटपणा तर तेव्हाच सगळ्यात जास्त. घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. वरळी सी फेसवर थोडं पळलं तरी मोजे पिळावेत इतके भिजतात, आणि ओले मोजे म्हणजे फोड आलेच. दुसरी जोडी खिशात ठेवा.

घड्याळातला पेस (एक किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते) बघणं मेमध्ये मी बंदच करतो. सोबतच्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग. हिरमोडही होत नाही. उकाडा अंगवळणी पडायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर अंतर निम्म्यावर आणा. तासाभराहून जास्त पळणार असाल तर नुसतं पाणी ढोसू नका, लिंबू सरबतात चिमूटभर मीठ हवंच.