कर्बोदकं तोडायची की कॅलरी मोजायच्या?

पाऊलवाट
वजन उतरवायचं ठरलं की बहुतेकांची पहिली कुऱ्हाड कर्बोदकांवर पडते. आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली आला की खात्रीच पटते. मीही त्यातलीच होते. पण ते बहुतांशी पाणी असतं. यकृत आणि स्नायू मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा राखीव साठा) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा रिकामा झाला की पाणी जातं, नेहमीसारखं जेवायला लागलं की दोन्ही परत येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. तीन किलो चरबी एका आठवड्यात कुठून जळणार? रोज ४००-५०० कॅलरींची तूट ठेवा आणि कर्बोदकंही खा, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममध्ये ९. मग राग एकट्या कर्बोदकांवर का?

रातकिडा
अजिबात पटलं नाही. हिशोब बरोबर आहे, पण भुकेचं काय? मी दोन वर्षं वजनकाटा घेऊन कॅलरी मोजल्या. दिवसभर नेटाने पाळायचं आणि रात्री सगळं ओसंडायचं. शेवटी साखर, मैदा आणि गोड पेयं बंद केली, प्रथिनं वाढवली. मोजणं सोडलं, तरी दहा महिन्यांत ११ किलो उतरले. हे पाणी नव्हे.

पाऊलवाट
पाणी नाहीच, अभिनंदन. पण तुम्ही मोजल्या नाहीत तरी कॅलरी कमीच झाल्या की! स्टॅनफर्डच्या २०१८च्या अभ्यासात ६०९ जण वर्षभर दोन गटांत होते. कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६ किलो. हा फरक संशोधकांनी अर्थपूर्ण मानला नाही.

रातकिडा
त्याच अभ्यासात कॅलरींची मर्यादा कोणालाच घातली नव्हती, हे का गाळलंत? दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. शिवाय एकाच गटात कुणी ३० किलोच्या आसपास घटलं, तर कुणाचं वजन चक्क वाढलं. सरासरीवरून माझ्या भुकेचा निकाल लावू नका.

काठावरची
दोघंही कर्बोदकं कोणत्या रूपात पोटात जातात याकडे कमी बघताय. अमेरिकन संशोधक केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, कर्बोदकं, साखर, तंतू (फायबर) जुळवलेले होते, हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. पाऊलवाट, तुम्ही सांगता ती तूट इथेच भरून निघाली.

दुसरापाळी
एक विनंती. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडू नका. माझ्या वडिलांनी आपल्या मनाने तोडली, औषधाचा डोस तोच ठेवला आणि तिसऱ्या दिवशी साखर इतकी उतरली की ते घामाने भिजून खाली बसले. डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर कीटोच्या (कर्बोदकं जवळपास बंद करणाऱ्या आहाराच्या) वाटेला जाऊच नये. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं, जिवावर बेतणारं) होऊ शकतो.

पाऊलवाट
हे मीच सुरुवातीला लिहायला हवं होतं. रातकिडा, मर्यादेचा मुद्दाही मान्य, तो मी गाळायला नको होता. साखर, मैदा गेला त्याचं दुःख नाहीच. पण डाळी, अख्खी धान्यं, फळं त्याच यादीत ढकलू नका. दिवसाचे २५ ग्रॅम तंतू मग कुठून येणार?

रातकिडा
डाळी आणि फळं सोडलेली नाहीत. गेले सहा आठवडे मात्र काटा हललेला नाही.

पाऊलवाट
११ किलो हलकं शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. तेव्हा तूट देणारं ताट आता जेमतेम पुरतं. फक्त दोन आठवडे लिहून ठेवा, तेलासकट.

रातकिडा
लिहीन. पण भूक परत चाळवली तर तिसऱ्या आठवड्यात वही बंद.