दुधाच्या पिशवीसाठी दुचाकी का काढावी लागते?

वाघोलीकर:
२०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांपैकी वाघोलीत मी राहतो. सोसायटीच्या भिंतीपलीकडे दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी नगर रस्त्यावरून मोठा वळसा पडतो, त्यामुळे दुधाच्या पिशवीसाठीही दुचाकी निघते. पेठांप्रमाणे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना नव्या वस्त्यांत सक्तीची केली, तर हे टळेल का?

आराखडा:
केवळ गाळ्यांनी टळणार नाही. रस्त्यावरचे गाळे तुमच्याकडेही असतील. अडचण रस्त्यांच्या जाळ्याची आहे. शेते एकेक करून विकली गेली, प्रत्येक बिल्डरने आपल्यापुरता रस्ता हमरस्त्याला जोडला आणि दोन प्रकल्पांच्या मध्ये भिंत घातली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार न्यासाने दादर-माटुंग्यात आधी रस्ते, बागा आणि भूखंड आखले, इमारती नंतर आल्या. म्हणूनच हिंदू कॉलनीतून बाजार, शाळा आणि स्टेशन आजही पायी गाठता येते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील नगररचना योजनेत हेच शक्य आहे: सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरून रस्त्यांसाठी व मैदानांसाठी जागा काढायची आणि उरलेले भूखंड नव्या आकारात त्यांना परत द्यायचे. इमारती आधी उभ्या राहिल्या, की मात्र हा मार्ग जवळजवळ बंद होतो.

हडपसरवासी:
मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून घरे, कार्यालये, शाळा आणि रुग्णालय यांची आखणी एकत्रच केली. आत चालणे सुखाचे आहे, हे मान्य. पण फाटकाबाहेर पाऊल टाकताच हडपसरची कोंडी सुरू होते, आणि तेथे राबणाऱ्या प्रत्येकाला तेथे घर परवडते असे नाही. अशी बेटे वाढवून शहर चालण्याजोगे होईल, असे मला वाटत नाही.

सदाशिवपेठी:
पेठांचे गोडवे गाणाऱ्यांनी उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर राहून पाहावे. धूर, रात्रीचा गोंगाट आणि दारात लावलेल्या गाड्या आमच्या वाट्याला येतात.

आराखडा:
तक्रार रास्त आहे. किराणा, दवाखाना, शिंपी यांना घरांखाली जागा द्यावी आणि उपाहारगृहांना रुंद रस्त्यावर, वेळेच्या बंधनासह. सरसकट परवानगी नको. वाघोलीकर, तुमच्यापुरता उपाय लहान आहे. शेजारच्या सोसायटीचीही संमती असेल, तर दोन्ही सर्वसाधारण सभांत ठराव करून सामाईक भिंतीत पादचाऱ्यांसाठी फाटक काढून घ्या. सुरक्षारक्षकाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेता येईल.